घरोघरी यमुना

मनूने मुलींच्या नावांविषयी दोन ठिकाणी लिहिले आहे. दुसऱ्या अध्यायात तो सांगतो की, स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे असावे, त्यात कठोरपणा नसावा, अर्थ उघड असावा, शेवटचे अक्षर दीर्घ असावे आणि ऐकताच आशीर्वाद मिळाल्यासारखे वाटावे. इथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण तिसऱ्या अध्यायात, वधू कशी पाहावी हे सांगताना, तो एक भलतीच यादी देतो. नक्षत्राचे, झाडाचे, नदीचे, पर्वताचे, पक्ष्याचे किंवा सापाचे नाव असलेली मुलगी करू नये! संस्कृत मी मॅट्रिकपुरतेच शिकलो. तरी हा श्लोक प्रथम वाचनात आला तेव्हा मला हसू आवरेना. कारण ज्या घरांतून मनूचे नाव घेतल्याशिवाय घास तोंडात जात नसे, त्याच घरांतून गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, भागीरथी आणि तापी अशा साऱ्या नद्या पाणी भरीत होत्या. रोहिणी आणि रेवती ही नक्षत्रे, तुळसा आणि चंपा ही झाडे, मैना आणि साळू हे पक्षी वेगळेच. मनूचे अक्षरशः ऐकायचे म्हटले असते, तर मराठी मुलखातली निम्मी लग्ने बैठकीतच मोडली असती.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नावांच्या बाबतीत धर्मशास्त्र काय म्हणते ते एक, आणि आळीतल्या चार बायका पाळण्याभोवती जमून काय ठरवतात ते दुसरे. आणि आजवर दुसरेच खरे ठरत आले आहे.

हा विषय माझ्या डोक्यात घोळू लागला तो हजेरीपटामुळे. शिक्षकाला रोज सकाळी चाळीस-पन्नास नावे मोठ्याने वाचावी लागतात. ती वाचता वाचता वर्षे जातात, आणि एका वर्षी त्याच्या लक्षात येते की आपण दिलीप, सुरेश, संजय म्हणणे केव्हाच सोडले आहे. मधे काही काळ सचिन, अमोल, योगेश यांचा हंगाम येऊन गेला, आणि आता जिभेवर अथर्व, सोहम, वेदांत, श्रावणी, ईश्वरी बसली आहेत. एका वर्षी माझ्या वर्गात तीन अथर्व होते. मोठा अथर्व, चष्म्याचा अथर्व आणि नुसता अथर्व. तिघांच्याही आयांनी मला पालकसभेत निरनिराळ्या वेळी एकच गोष्ट सांगितली: ‘सर, आम्ही मुद्दाम कोणाचे नसेल असे नाव शोधले होते हो!’ मी कादंबऱ्या लिहितो हे गावात ठाऊक असल्याने बारशाच्या आधी नावासाठी माझ्याकडेही माणसे येतात. अट ठरलेली. नाव वेगळे हवे, अर्थ चांगला हवा, आणि आजीला म्हणता आले पाहिजे. या तीन अटींतून जे गळून खाली उरते ते फार थोडे असते, आणि ते सगळ्यांच्याच हाती लागते.

पण वेगळ्या नावाची ही हौस मुळात जुनी नाही. आपल्या पूर्वजांना वेगळे नाव नकोच होते. नाव ही कुळाची ठेव. आजोबा गेले की नातवाने ते नाव उचलायचे, जसे शेत उचलायचे तसे. शिवाजीमहाराजांचे थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात पडले. पुढे १६५७ साली पुरंदरावर महाराजांना मुलगा झाला त्याचे नाव संभाजी. छत्रपती राजारामांना ताराबाईंच्या पोटी मुलगा झाला, त्याचे नाव शिवाजी. राजसबाईंच्या पोटी झाला, त्याचे संभाजी. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ साली कोल्हापुरास दत्तक आला, तेव्हा गादीबरोबर त्याला नावही मिळाले, आणि राजर्षी शाहूमहाराज म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते झाले. नाव माणसाच्या आधी तिथे होते. माणूस त्यात येऊन बसला.

पेशव्यांकडे पाहा. बाळाजी विश्वनाथापासून दुसऱ्या बाजीरावापर्यंत मोजले तर दोन बाळाजी, दोन बाजीराव आणि दोन माधवराव. १७७४ साली पुरंदरावर नारायणरावांच्या पश्चात गंगाबाईंना मुलगा झाला, त्याला चुलत्याचे नाव दिले. एक माधवराव तर लोकांच्या मनात अजून ताजे होते; मग ओळखायचे कसे? म्हणून हा ‘सवाई’. मी माझ्या वर्गात जे ‘मोठा’ आणि ‘चष्म्याचा’ लावून करतो, तेच पुण्याच्या दरबाराने अधिक झोकात केले एवढेच.

या रीतीत एक अडचण होती. सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नाही. मग सासऱ्याचेच नाव मुलाला ठेवल्यावर त्या बिचारीने आपल्या लेकराला हाक कशी मारावी? त्यातून नाना, भाऊ, बाळ, अण्णा, तात्या, आप्पा ही सारी फौज जन्माला आली. टिळकांचे पाळण्यातले नाव केशव होते. जगात गाजले ते ‘बाळ’. लोकमान्यांसारख्या माणसाचे खरे नाव हजारांत एकाला ठाऊक नसावे, यात आपल्या घरांची सारी मर्यादा आणि सारी गंमत आली.

क्वचित कोणी या चाकोरीबाहेर पाऊल टाकी. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलगे झाले म्हणून त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. त्या नावांना त्या वेळी कोणी नाके मुरडली असतील असे वाटत नाही. पिराजीराव, फकीरराव, साहेबराव ही नावे मराठ्यांच्या घरांतून अशी काही रुळली की, त्यांतला पीर आणि फकीर आज कोणाला ऐकूही येत नाही. शहाजी तर आता प्रत्येक तालुक्यात दहा निघतील. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या शहाजीरावांना ‘तुमच्या नावात एक सुफी आहे’ असे सांगून पाहावे. चहा मिळेल की नाही ते त्यांच्या स्वभावावर.

याहून मोठे धाडस आळंदीच्या एका घरात झाले होते. विठ्ठलपंतांच्या वडिलांचे नाव गोविंदपंत, आजोबांचे त्र्यंबकपंत. सगळी देवाची, ठरलेली नावे. पण संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेल्या या माणसाने आपल्या मुलांची नावे ठेवली ती निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. ती ओळीने म्हणून पाहा. माघार, ज्ञान, पायरी, सुटका. चार मुलांच्या नावांत बापाने आपले अर्धे राहिलेले आयुष्य लिहून ठेवले आहे की काय, असे मनात येते. ज्या गावाने त्या पोरांना वाळीत टाकले, त्या गावात ही नावे किती विचित्र वाटली असतील! आणि आज? नाशिक-नगरकडे निवृत्ती नावाच्या माणसाला हाक मारावी तर बाजारातली चार माणसे मागे वळतात. ज्ञानेश्वर, सोपान आणि मुक्ताबाई यांचीही तीच गत. या महाराष्ट्रात एका घराने ठेवलेली चारच्या चार नावे सगळ्या मुलखाने उचलली, असे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

सोयरा हे नाव असेच. चौदाव्या शतकात ते चोखामेळ्याच्या बायकोचे, मंगळवेढ्याच्या महारवाड्यातले. सतराव्या शतकात तेच रायगडावरच्या राणीचे. नाव जात विचारीत नाही, जात विचारतात ती माणसे.

आता यमुनेकडे येतो. एकोणिसाव्या शतकातले मराठी लेखन चाळू लागले की ती पावलोपावली भेटते. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान. तिची नायिका यमुना. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची नायिका, जिच्यासाठी चार पिढ्यांनी डोळे पुसले, तीही यमुना. कोणी म्हणेल, लेखकांना दुसरे नाव सुचले नाही. पण कादंबरी सोडून चरित्रांकडे वळावे तर तेथेही तीच. कल्याणच्या जोश्यांकडे १८६५ साली मुलगी झाली, तिचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न होऊन ती आनंदी झाली आणि १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन बाहेर पडली. न्यायमूर्ती रानड्यांशी १८७३ साली ज्या अकरा वर्षांच्या मुलीचे लग्न लागले, तीही माहेरची यमुनाच. तिची रमा झाली. म्हणजे दोन कादंबऱ्यांतल्या दोन आणि इतिहासातल्या दोन, चौघीही यमुना. हरिभाऊंनी आपल्या नायिकेसाठी नाव शोधले नसावे. घरोघरी जे होते तेच घेतले. वाचणाऱ्या प्रत्येक बाईला वाटावे की ही माझ्याच माजघरातली पोर आहे, यासाठी याहून योग्य नाव नव्हते. मी कादंबरीकार असल्याने हे सांगू शकतो: नायिकेचे नाव वेगळे ठेवणे सोपे असते, सर्वांचे असलेले नाव ठेवायला छाती लागते.

पण या यमुनांचे पुढे काय होई? लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवे नाव लिहिले की जुने संपले. आणि मौज अशी की नवे नावही नवे नसे. झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मनकर्णिका, सासरचे लक्ष्मी. पुढे रेव्हरंड टिळकांच्या घरी आलेल्या मुलीचेही माहेरचे नाव मनकर्णिका आणि सासरचे लक्ष्मी. कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह करून आलेली गोदूबाई. तिचीही आनंदीच झाली. लोकमान्यांची पत्नी माहेरी तापी होती, ती सत्यभामा झाली. नद्या माहेरी उगम पावत आणि सासरी येऊन देवता होत. भूगोल आणि धर्म यांची अशी सांधेजोड अन्य कोठे झाली असेल असे वाटत नाही. पण त्या दहा वर्षांच्या पोरीला ती कशी वाटे, हे कोणी विचारले?

माझी आजी घरात सगळ्यांची लक्ष्मीबाई होती. तिचे दुसरे काही नाव असेल हे आम्हां भावंडांच्या ध्यानीमनी नव्हते. तिचा भाऊ वर्षातून एकदा, भाऊबीजेला येई आणि ओसरीवरूनच ‘कृष्णे’ अशी हाक मारी. आम्हाला वाटे, मामाआजोबा देवाचे नाव घेत आहेत. तो भाऊ वारला त्यानंतर ती हाक बंद झाली. पुढे कितीतरी वर्षांनी आजी गेल्यावर माळ्यावरची भांडी खाली काढली, तेव्हा एका पितळी तांब्याच्या गळ्याशी टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे दिसली: ‘चि. कृष्णा हीस’, आणि खाली तिच्या वडिलांचे नाव. तेवढ्या एका तांब्यावर ते नाव शिल्लक होते. माझ्या आईने चिंचेने घासून घासून ते अर्धे पुसलेही होते. तिला तरी काय ठाऊक!

नाव पुसले जाणे ही एक गोष्ट. नावच असे ठेवणे की ते पुसून टाकावेसे वाटावे, ही दुसरी. पुन्हा मनूकडे जावे लागते. पुरुषांच्या नावांविषयी तो सांगतो की ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे, आणि शूद्राचे किळस येईल असे. मुलींच्या नद्या आणि पक्षी यांबाबत लोकांनी मनू धाब्यावर बसवला. येथे मात्र त्याचे बरेचसे ऐकले. दगडू, धोंडू, कचरू ही नावे मुले जगत नसली म्हणजे सर्व जातींत ठेवीत, हे खरे आहे. मृत्यूला वाटावे की हे घेण्याजोगे नाही. महर्षी कर्व्यांचे धोंडो त्याच जातीचे नाव. पण वरच्या घरातल्या धोंडूचा धोंडोपंत होई आणि गावकुसाबाहेरच्या धोंडूचा धोंड्या होई. अक्षरे तीच, शेपूट कोणते लावायचे ते गाव ठरवी. महारांच्या नावांना पूर्वी ‘नाक’ हा प्रत्यय असे. कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईचा जो स्तंभ आहे, त्यावर तशी ‘नाक’ने संपणारी नावे कोरलेली आहेत. दगडावर ती पूर्ण आहेत. वेशीवर त्याच नावांची तोडमोड होत असे.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जे झाले, त्याचा एक परिणाम मी हजेरीपटांत पाहतो. जुन्या शाळांतून पिवळे पडलेले पट जपून ठेवलेले असतात, ते उघडावेत. एका पिढीत कचरू, धोंड्या, भिका. पुढच्या पिढीत गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद, सुजाता, संघमित्रा, मिलिंद. बापाने आपल्याला न मिळालेले नाव मुलाला दिले. त्यातले मिलिंद तर फारच मनोरंजक आहे. मिनँडर नावाचा एक ग्रीक राजा आपल्या वायव्येस राज्य करीत होता. नागसेन भिक्षूशी त्याने केलेला संवाद पाली ग्रंथात ‘मिलिंद’ या नावाने राहिला. डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या महाविद्यालयाला १९४६ साली सिद्धार्थाचे नाव दिले होते. औरंगाबादेस १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाला त्यांनी या मिलिंदाचे नाव दिले. ज्याने प्रश्न विचारले त्याचे नाव विद्यालयाला, यात त्यांची दृष्टी दिसते. इकडे संस्कृतात ‘मिलिंद’ म्हणजे भुंगा. तो काव्यातून उडत उडत पांढरपेशांच्या पाळण्यात येऊन बसला. त्यामुळे एकाच वर्गात दोन मिलिंद शेजारी बसू लागले, एक ग्रीक राजा आणि एक भुंगा. दोघांच्याही घरी वाटे की हे नाव आपलेच.

वेगळेपणाची हौस साधारण याच काळात वाढली. त्याआधी छापखाना आला, रंगभूमी आली, आणि नावांना कुळाबाहेरचा झरा सापडला. मास्टर दीनानाथांनी आपल्या हेमाचे नाव लता केले ते ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून, असे सांगतात. गडकऱ्यांच्या एका पात्राचे नाव असे देशभर गेले, आणि मग किती घरांत लता झाल्या याला गणतीच नाही. रमेश तेंडुलकर कवी आणि प्राध्यापक. १९७३ साली मुलगा झाला तेव्हा त्यांनी सचिन देव बर्मन यांच्यावरून त्याचे नाव ठेवले. कवीने संगीतकाराचे नाव घेतले, आणि पुढे ते गल्लोगल्ली गेले ते बॅटीमुळे! सुनील गावसकरांनी आपल्या मुलाला रोहन म्हटले ते वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हाय यांच्यावरून. कन्हाय गयानाचे, हिंदी वंशाचे. म्हणजे उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांच्या वंशात जे नाव तिकडे रुजले, ते क्रिकेटच्या मैदानावरून मुंबईस परत आले. आज रोहन ठेवणाऱ्या किती आईबापांना हा सागरप्रवास ठाऊक असेल?

तरी प्रश्न राहतोच. एकमेकांना न विचारता शंभर घरे एकाच वेळी एकच ‘वेगळे’ नाव कसे शोधतात? हा काही आपलाच रोग नव्हे. अमेरिकेत १९७० पासून १९८४ पर्यंत दर वर्षी मुलींच्या नावांत जेनिफर पहिली होती, आणि त्यातल्या पुष्कळ आयांना आपण मेरी आणि लिंडा टाळून काही निराळे केले असे वाटत असणार. स्टॅन्ले लिबरसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने २००० साली यावर एक ग्रंथच लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, नावांची चाल कपड्यांसारखी आहे. नवी आवड जुन्या आवडीपासून एकच पाऊल सरकते, आणि सगळ्यांची जुनी आवड सारखी असल्याने सगळ्यांचे पुढचे पाऊलही जवळजवळ एकाच जागी पडते.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे, आणि ते पंचांगात छापलेले असते. नक्षत्रे सत्तावीस, प्रत्येकाचे चरण चार, आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. एकूण १०८. अश्विनीला चू, चे, चो, ला. कृत्तिकेला अ, ई, उ, ए. आता चंद्र एका चरणात पाच-सहा तास असतो. तेवढ्या वेळात जिल्ह्यात जेवढी बाळे जन्मली त्या साऱ्यांना एकच आद्याक्षर! त्यात आर्द्रेला ङ, हस्ताला ण आणि उत्तराभाद्रपदेला ञ आले आहे. ती अक्षरे घेऊन मराठीत कोणी माणूस आजवर चालता-बोलता झालेला नाही, तेव्हा भटजी शेजारचे अक्षर देऊन मोकळे होतात. अक्षर ठरले की आईबाप यादी उघडतात. पूर्वी पंचांगाच्या मागे यादी असे, मग नावांची पुस्तके निघाली, आता मोबाइलवर पाहतात. जुनाट वाटतील ती गाळायची, जोडाक्षरांची फार अवघड गाळायची, शेजारच्यांचे आहे ते गाळायचे. शेजारीही तेच करीत असतो.

अथर्वाचे मला आणखी एक कारण दिसते. ज्या पिढीच्या आया आज चाळिशीला आल्या आहेत, त्यांच्या कानावर लहानपणापासून गणपती अथर्वशीर्ष पडत आले आहे. पुण्यात ऋषिपंचमीच्या पहाटे हजारो स्त्रिया गणपतीपुढे बसून ते एका सुरात म्हणतात. शब्द कानात होताच. मुलगा झाला तेव्हा तो आतून आल्यासारखा वाटला, आणि बाहेरून पाहावे तर तो सर्वांच्याच आतून आला होता. यात गमतीची गोष्ट ही की, त्या हजारो स्त्रिया ज्या गणपतीपुढे बसतात तो दगडूशेठांचा. आपल्या अथर्वाला कोणी दगडू म्हटले तर त्याची आई भांडायला उठेल. पण नवस बोलायला जाणार ती दगडूकडेच.

मला स्वतःला तीन अथर्वांचा त्रास कधी वाटला नाही. त्रास झाला तो एका निराळ्या नावाचा. सातारा भागात मुलामागून मुलगा व्हावा म्हणून वाट पाहणाऱ्या घरांत तिसरी-चौथी मुलगी झाली की तिला नकोशी म्हणत. कागदावरही नकुसा लिहीत. पटावर ते नाव वाचण्याची पाळी माझ्यावर एकदा आली होती. शिक्षकाने सकाळी दहा वाजता चाळीस मुलांसमोर एका मुलीला ‘नकुसा’ म्हणून हाक मारायची आणि तिने उभे राहून ‘हजर’ म्हणायचे! मी आठवडाभर तिचे नाव न वाचताच खूण केली. पुढे तिला तिच्या आडनावाने हाक मारू लागलो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अडीचशेंहून अधिक नकुसांचे समारंभपूर्वक पुन्हा बारसे झाले. नवी नावे मुलींना निवडता आली. मी त्या बातम्या लक्षपूर्वक वाचल्या होत्या. कोणी वैशाली निवडले, कोणी सावित्री, कोणी नटीवरून ऐश्वर्या. खरे म्हणजे त्यांच्या वर्गात ज्याची दुसरी कोणी नसेल असे नाव त्यांच्याजवळ जन्मापासून होते. त्यांनी मागून घेतले ते शेजारच्या बाकावरच्या मुलीसारखे नाव. माझ्या वर्गातली ती मुलगी मात्र त्याआधीच शाळा सोडून गेली होती. तिने पुढे काय नाव घेतले असेल ते मला कळले नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा सातकर्णी गेल्यावर, नातवाच्या राज्यात, तिने तो कोरविला. सातवाहनांच्या घरातही नावांची टंचाईच होती. सातकर्णी एक नव्हे, अनेक झाले. म्हणून कोणता सातकर्णी हे सांगायचे तर आईचे नाव पुढे लावीत: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. ही रीत पुढे बुडाली आणि दोन हजार वर्षांच्या आसपास आपण फक्त बापाच्या नावाने ओळखले गेलो. आता महाराष्ट्र शासनाने ठरवले आहे की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या कागदांवर त्याच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग बापाचे, मग आडनाव लिहायचे. ती मुले २०३० च्या जूनमध्ये पहिलीत येतील. त्यांच्या पटावर दोन-तीन तरी अथर्व असणारच. पण त्यांना मोठा आणि चष्म्याचा म्हणण्याची गरज पडणार नाही. एक सुनीताचा असेल, एक मनीषाचा.